लिंबू, कैरी आणि कोकमाचे आगळ यांपासून वीज : वर्गातील प्रयोगासाठी मार्गदर्शन

लिंबात जस्ताचा मुलामा दिलेला एक खिळा आणि तांब्याच्या तारेचा एक तुकडा खोचला, की त्या दोन धातूंमध्ये विभवांतर, म्हणजे व्होल्टमध्ये मोजला जाणारा विजेचा दाब, निर्माण होते. अशी चार-पाच लिंबे नीट जोडली, तर लहानसा एलईडी मिणमिणू लागतो. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास शाळांत जी विज्ञान प्रदर्शने भरतात, त्यांत हा प्रयोग नेहमी दिसतो, आणि त्याचे कारण उघड आहे : साहित्य गावातच मिळते, खर्च किरकोळ असतो आणि धोका जवळजवळ नसतो. खटकते ती एकच गोष्ट. प्रयोगाशेजारच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत ‘फळांमध्ये वीज असते’ असे लिहिलेले असते, आणि ते खरे नाही. प्रयोग पहिल्यांदाच करून पाहणाऱ्या शिक्षकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी पुढील मार्गदर्शन लिहिले आहे. त्यात दिवा कसा पेटवावा हे तर आहेच, पण ती वीज येते कोठून हे विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने पडताळून पाहता यावे, यावर अधिक भर दिला आहे.

वीज येते कोठून

जस्त हा आपले इलेक्ट्रॉन सहज सोडणारा धातू आहे. आम्लयुक्त किंवा खारट द्रवात तो बुडवला, की त्याचे अणू प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या, रूपाने द्रवात उतरतात. तांबे तसे सहजासहजी करीत नाही. दोन्ही धातू एकाच द्रवात बुडवून बाहेरून तारेने जोडले, तर जस्तावर साचलेले इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडे जातात, आणि तेथे लिंबाच्या रसातील हायड्रोजनचे आयन व रसात विरघळलेला ऑक्सिजन ते स्वीकारतात. तारेतील हा प्रवाह म्हणजेच आपली वीज. बाहेर इलेक्ट्रॉन वाहत असताना आत आयनांनी इकडून तिकडे जाऊन हे मंडल (सर्किट) पूर्ण करावे लागते, आणि रसाचे मुख्य काम तेच आहे. ऊर्जा खर्च होते ती जस्ताची. प्रयोग पुष्कळ वेळ चालू ठेवला, तर खिळ्यावरचा मुलामा झिजलेला डोळ्यांना दिसतो. लिंबाच्या आंबटपणात मात्र जिभेला कळेल असा फरक पडत नाही. (जिभेने पाहू नयेच, त्याचे कारण पुढे येईल.)

वीज सजीवाच्या अंगातच असते, हा गैरसमज दोनशे वर्षांहून जुना आहे आणि तो मोठमोठ्यांनाही झालेला आहे. इटलीतील लुइजी गॅल्व्हानी यांना मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन वेगळ्या धातूंचा स्पर्श झाला की तो आखडतो असे दिसले, आणि ही वीज प्राण्याच्या शरीरातच असते असा निष्कर्ष त्यांनी १७९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचेच देशबांधव अलेस्सांद्रो व्होल्टा यांना हे पटले नाही. त्यांनी बेडूक वगळला, जस्त आणि चांदी यांच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठ्याचे तुकडे ठेवून त्यांची चळत रचली, आणि तीतून सतत वाहणारी विद्युतधारा मिळवून दाखवली. त्याचे वर्णन करणारे त्यांचे पत्र २० मार्च १८०० या तारखेचे आहे. व्होल्टा यांचेही उत्तर पूर्ण नव्हते, कारण दोन धातूंचा नुसता संपर्क पुरेसा आहे अशी त्यांची समजूत होती आणि द्रवात होणाऱ्या रासायनिक क्रियेचे महत्त्व पुढे इतरांनी ओळखले. तरीही पद्धत म्हणून बेडूक वगळून पाहण्याची युक्ती अस्सल होती. आपणही शेवटी लिंबू वगळून पाहणार आहोत.

साहित्य

जस्तासाठी सर्वांत सोयीची वस्तू म्हणजे पत्र्याच्या छपरासाठी वापरतात ते जस्ताचा मुलामा दिलेले खिळे. कोकणातल्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात ‘जीआयचे खिळे’ म्हटले की ते मिळतात. दोन ते तीन इंच लांबीचे, करड्या रंगाचे, किंचित खडबडीत खिळे निवडावेत. चकचकीत गुळगुळीत खिळ्यांवरचा मुलामा बहुधा फार पातळ असतो. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानातून जस्ताच्या पट्ट्या आणता आल्या तर उत्तमच, कारण पट्टीचा पृष्ठभाग मोठा असल्याने विद्युतधाराही अधिक मिळते. जुने सेल फोडून त्यांचे जस्ताचे कवच काढण्याचा सल्ला काही जण देतात, तो मानू नये. आतील काळी भुकटी आणि क्षार त्वचेला व डोळ्यांना अपायकारक असतात, आणि अल्कलाइन प्रकारच्या सेलमध्ये तर बाहेरचे कवच जस्ताचे नसतेच.

तांब्यासाठी घराच्या वायरिंगमधील उरलेली जाड एकेरी तार मागून आणावी आणि तिच्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण सोलून काढावे. मोटारीच्या वेटोळ्यातील तार घेतली, तर तिच्यावर दिसत नसले तरी वार्निशचे आवरण असते. ते पॉलिशपेपरने पूर्ण खरवडून काढल्याशिवाय त्या तारेचा काहीही उपयोग होत नाही. देवघरातील ताम्हण किंवा पळी या कामासाठी आणू नये, हे घरच्यांशी वाद टाळण्यासाठी आधीच सांगितलेले बरे.

याशिवाय दोन्ही टोकांना चिमटे असलेल्या सहा ते आठ तारा, विभवांतर व धारा मोजणारा एक साधा डिजिटल मल्टिमीटर, दोन-तीन लाल एलईडी, एक किलोओहमचा एक रोध (रेझिस्टर), पॉलिशपेपर, मोजपट्टी आणि पुसण्यासाठी सुती फडके एवढे पुरते. एलईडी लालच घ्यावा. लाल एलईडी साधारण पावणेदोन व्होल्टच्या आसपास उजळू लागतो. पांढऱ्या किंवा निळ्याला जवळजवळ तीन व्होल्ट लागतात आणि तेवढ्यासाठी घटांची (खिळा व तार खोचलेले एक लिंबू म्हणजे एक घट) संख्या उगाच वाढवावी लागते. विजेरीचा जुना छोटा बल्ब मात्र अजिबात आणू नये. त्याच्या टोपीवर २.५ व्होल्ट, ०.३ ॲम्पिअर असे लिहिलेले असते, म्हणजे त्याला ३०० मिलिॲम्पिअर धारा हवी. लिंबाचा एक घट एक मिलिॲम्पिअरच्या आसपास, अनेकदा त्याहूनही कमी धारा देतो. लिंबांची टोपली रिकामी केली तरी तो बल्ब पेटणार नाही, आणि मुलांचा समज मात्र प्रयोगच खोटा आहे असा होईल.

कोणते फळ घ्यावे

लिंबू बाराही महिने मिळते, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करावी. विज्ञान दिनाच्या सुमारास कैऱ्या धरू लागलेल्या असतात आणि आंबट कैरीचा घट चांगला चालतो. फक्त ती कडक असल्यामुळे खिळ्यासाठी आधी अणकुचीदार हत्याराने भोक पाडावे लागते, आणि ते काम मोठ्या माणसाने करावे. बिंबलांना भरपूर आणि तीव्र आंबट रस असतो. परसात झाड असेल, तर ती लिंबापेक्षाही सोयीची ठरतात. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, एप्रिल-मे मध्ये पिकतात, म्हणजे नेमकी परीक्षा संपून शाळा बंद होण्याच्या सुमारास. त्यामुळे कोकमाचा प्रयोग करायचा तर बाटलीत भरून ठेवलेल्या आगळाचाच करावा लागतो, आणि तोच सर्वांत रंगतदार असल्याने त्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिले आहे. बटाटा आणि रताळे हे आंबट नसूनही चालतात, कारण त्यांच्या पेशींत आयन असलेला द्रव असतो. सुरण टाळावा; त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे हाताला खाज सुटते आणि वर्गाचे लक्ष प्रयोगावरून उडते. पिकलेला हापूस या कामी वापरणे हा तर अपव्ययच आहे, कारण पिकताना त्यातील आम्ल कमी होऊन साखर वाढते, आणि साखर पाण्यात विरघळली तरी आयन देत नाही.

पहिला घट

लिंबू टेबलावर तळहाताने दाबून चांगले मळून घ्यावे, म्हणजे आतल्या रसाच्या पिशव्या फुटतात आणि रस एकत्र होतो. साल मात्र फाटू देऊ नये. तांब्याची तार पॉलिशपेपरने लालसर चमक येईपर्यंत घासावी. खिळ्याला तसे घासू नये. त्याच्यावरचा जस्ताचा थर मिलिमीटरच्या एका लहानशा अंशाएवढाच असतो, आणि उत्साहाने घासला तर खालचे लोखंड उघडे पडते. खिळ्याला कारखान्यातील तेल लागलेले असते. ते साबणाच्या पाण्याने धुऊन खिळा कोरडा पुसावा, एवढे पुरे.

आता खिळा आणि तार एकमेकांपासून सुमारे दोन सेंटिमीटर अंतरावर, समांतर आणि शक्य तितक्या खोल खोचाव्यात. आत त्यांची टोके एकमेकांना टेकता कामा नयेत. लहान लिंबात तिरका खिळा खोचल्यामुळे ती टेकतात आणि मग मीटर शून्य दाखवतो. मल्टिमीटरची कळ एकदिश (डीसी) विभवांतराच्या २० व्होल्टच्या टप्प्यावर ठेवावी, लाल तार तांब्याला व काळी तार खिळ्याला लावावी. साधारण ०.९ व्होल्ट, कधी थोडे कमी तर कधी एक व्होल्टला टेकणारे असे वाचन मिळते. आकड्यापुढे उणे चिन्ह आले, तर तारा उलट लावल्या गेल्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ. तांबे हे या घटाचे धन टोक आणि जस्त हे ऋण टोक, हे मुलांनी येथेच वहीत लिहून ठेवावे. पुढची सर्व जोडणी त्यावरच अवलंबून आहे.

मल्टिमीटरवर धारा मोजायची असेल, तर ती थेट घटाच्या दोन टोकांना लावून मोजता येते, कारण लिंबाची धारा अगदी क्षीण असते. परंतु ही सवय घातक आहे. धारा मोजण्याच्या टप्प्यावर ठेवलेला मीटर साध्या सेलला लावला तर मीटरमधील फ्यूज उडतो, आणि भिंतीवरच्या प्लगला लावला तर गंभीर अपघात होतो. म्हणून धारेचे मापन शिक्षकांनी स्वतः करावे आणि काम संपताच कळ बंद करावी.

एकसर जोडणी आणि एलईडी

एका घटाचा पाऊण-एक व्होल्ट एलईडीला पुरत नाही. तेव्हा चार लिंबांचे चार घट तयार करावेत आणि पहिल्या लिंबातील खिळा दुसऱ्या लिंबातील तांब्याला, दुसऱ्यातील खिळा तिसऱ्यातील तांब्याला, अशा क्रमाने चिमट्यांच्या तारांनी जोडत जावे. शेवटी पहिल्या लिंबातील तांबे आणि चौथ्यातील खिळा ही दोन टोके मोकळी राहतात. त्यांच्यामध्ये साडेतीन व्होल्टच्या आसपास विभवांतर मिळाले पाहिजे. प्रत्येक नवा घट जोडल्यावर मीटर लावून आकडा वाढतो आहे ना हे पाहात गेले, तर चूक कोणत्या लिंबात आहे ते लगेच सापडते; सगळे जोडून झाल्यावर शोधायला गेले की अर्धा तास जातो.

एलईडीची लांब दांडी धन असते. ती तांब्याकडच्या टोकाला आणि आखूड दांडी खिळ्याकडच्या टोकाला जोडावी. उलट जोडल्यास तो पेटत नाही, पण इतक्या कमी विभवांतराला बिघडतही नाही. खिडक्या लावून किंवा पुठ्ठ्याची नळी एलईडीवर धरून पाहावे, कारण प्रकाश मंद असतो. एलईडी जोडलेला असताना मीटरने पुन्हा मोजले, तर साडेतीन व्होल्टचा आकडा घसरून दोनच्याही खाली आलेला दिसतो. विद्यार्थी हमखास विचारतात की उरलेले व्होल्ट गेले कुठे. ते लिंबांच्या आतच खर्ची पडतात : रसातून आयनांना वाट काढताना जो विरोध होतो, त्याला घटाचा अंतर्गत रोध म्हणतात, आणि लिंबात तो हजारो ओहमच्या घरात असतो. प्रकाश वाढवायचा असेल, तर चार घटांची आणखी एक ओळ करून ती पहिल्या ओळीला समांतर, म्हणजे तांब्याकडचे टोक तांब्याकडच्या आणि खिळ्याकडचे टोक खिळ्याकडच्या टोकाला, जोडावी. विभवांतर तेवढेच राहते, पण धारा वाढते.

येथे दोन चुका वारंवार होतात. लिंबे वाचवण्यासाठी एकाच लिंबात दोन खिळे आणि दोन तारा खोचून त्यांचे दोन घट मानले जातात. तसे होत नाही, कारण चारही धातू एकाच रसात असल्याने आतल्या आत जोडले जातात आणि विभवांतराची बेरीज होत नाही. लिंबू कापून दोन अर्ध वेगळे ठेवले, तर मात्र दोन घट होतात. दुसरी चूक थाळीची आहे. कापलेली लिंबे किंवा बटाटे स्टीलच्या ताटात मांडले, की आरपार गेलेले खिळे ताटाला टेकतात, रसही ओघळून ताटात एकत्र होतो आणि सगळे घट खालून जोडले जातात. लाकडी पाट, प्लॅस्टिकचा ट्रे किंवा केळीच्या पानाचे वेगवेगळे तुकडे वापरावेत.

एलईडीऐवजी एक बटणाच्या आकाराचा सेल लागणारे छोटे अंकदर्शक घड्याळ चालवणे अधिक परिणामकारक ठरते. त्याच्या पडद्याला अवघे काही मायक्रोॲम्पिअर पुरतात, त्यामुळे दोन लिंबांवर ते बराच काळ चालू राहते आणि प्रदर्शनात येणाऱ्यांना अंधाराची गरज भासत नाही.

करवंटीतील आगळ

कोकणातील वर्गासाठी सर्वांत सोयीचा घट म्हणजे करवंटीत ओतलेले आगळ. आगळ हा मीठ घातलेला कोकमाचा रस. त्यात आम्ल आणि मीठ दोन्ही असल्यामुळे आयनांची कमतरता नसते, आणि द्रवच असल्याने धातूला तो सर्व बाजूंनी भिडतो. घटाचा अंतर्गत रोध त्यामुळे लिंबापेक्षा बराच कमी राहतो. सरबतासाठीचे साखर घातलेले कोकम मात्र घेऊ नये.

नारळ फोडल्यावर डोळे असलेला अर्धा भाग बाजूला ठेवावा, कारण त्यातील एक डोळा मऊ असतो आणि तो खरवडताना हटकून फुटून गळू लागतो. दुसरा, बिनडोळ्यांचा अर्धा भाग वापरावा. करवंटी वीज वाहून नेत नाही, त्यामुळे ती भांडे म्हणून आयती उपयोगी पडते. तिच्या गोल बुडाखाली वाळूचा छोटा ढीग किंवा बाटलीचे रुंद झाकण ठेवले की ती डळमळत नाही. करवंटीत निम्म्याहून थोडे अधिक आगळ ओतावे, एका कडेला खिळा आणि समोरच्या कडेला तांब्याची तार वाकवून अडकवावी, चिमटे द्रवाच्या वर राहतील याची काळजी घ्यावी. आगळ महाग वाटल्यास त्यात निम्मे पाणी मिसळले तरी चालते. थोड्याच वेळात गर्द लाल द्रवात तारेभोवती बारीक बुडबुडे धरलेले दिसतात. हा हायड्रोजन असतो. तो तारेवर साचून राहिला की धारा घटते, आणि तार हलवून बुडबुडे झटकले की पुन्हा वाढते. मीटरवर नजर ठेवून एकाने तार हलवावी आणि दुसऱ्याने आकडे वाचावेत. लिंबाच्या आत हे पाहता येत नाही, उघड्या करवंटीत येते. आगळाचा डाग गणवेशावरून निघत नाही, म्हणून जुना कपडा किंवा टॉवेल अंगावर घेण्यास सांगावे.

आता लिंबू वगळण्याची वेळ. चार करवंट्या धुऊन त्यांत समुद्राचे पाणी भरावे आणि तेच खिळे, त्याच तारा, तीच जोडणी ठेवावी. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, ते आयनांच्या वाहतुकीला भरपूर पुरतात. एलईडी पेटतो, आणि आता मंडलात ना फळ आहे ना भाजी. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोड्या पाण्याने पातळ झालेले असते, तेव्हा ते न आणता मोकळ्या किनाऱ्यावरचे आणावे किंवा पाण्यात मीठ विरघळवावे.

बंदरावर जाऊन हीच रसायनक्रिया कामाला लावलेलीही पाहता येते. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरात दुरुस्तीसाठी वर ओढलेली बोट पाहिली, तर पाण्याखाली राहणाऱ्या लोखंडी भागांवर किंवा पंख्याजवळ बोल्टने बसवलेले जस्ताचे ठोकळे दिसू शकतात. खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र आले की आपल्या करवंटीसारखाच घट तयार होतो आणि त्यांपैकी एक झिजू लागतो; तो झिजणारा धातू बोटीचा नसावा, म्हणून जस्त पुढे केलेले असते. खड्डे पडलेला, अर्धा उरलेला असा एखादा जुना ठोकळा मागून आणता आला, तर प्रदर्शनाच्या टेबलावर तो ठेवावाच.

तुलना करताना

‘कोणत्या फळात सर्वांत जास्त वीज’ ही स्पर्धा मुलांना आवडते, पण नुसते व्होल्ट मोजून ती लावली तर निकाल फसवा येतो. लिंबू, कैरी, आगळ, बटाटा यांपैकी कशातही जस्त-तांब्याची जोडी घातली तरी विभवांतर एकमेकांच्या बरेच जवळ येते. खरा बदल पाहायचा असेल, तर फळ तेच ठेवून धातू बदलावेत. खिळ्याच्या जागी साधा लोखंडी खिळा लावला तर विभवांतर बरेच घसरते, आणि दोन्ही बाजूंना तांबेच लावले तर जवळजवळ शून्य येते. माझ्या मते संपूर्ण प्रयोगातील हा सर्वांत मोलाचा आकडा आहे, आणि प्रदर्शनातील तक्त्यात तोच बहुधा गाळलेला असतो.

फळांमधला फरक धारेत दिसतो. तो मोजण्यासाठी घटाच्या दोन टोकांना एक किलोओहमचा रोध जोडून त्या रोधाच्या दोन टोकांमधील विभवांतर मोजावे. समजा, रोध जोडण्यापूर्वी लिंबाचे विभवांतर ०.९ व्होल्ट होते आणि जोडल्यावर ते ०.३ व्होल्ट झाले. १००० ओहममधून ०.३ व्होल्टला वाहणारी धारा ०.३ मिलिॲम्पिअर होते. आत खर्ची पडलेले विभवांतर ०.६ व्होल्ट, त्याला ०.३ मिलिॲम्पिअरने भागल्यास घटाचा अंतर्गत रोध २००० ओहम येतो. असा घट जास्तीत जास्त शक्ती देतो ती बाहेरचा रोधही २००० ओहम असताना, आणि ती भरते सुमारे ०.१ मिलिवॅट. घरातील ९ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्या शक्तीवर लावायचा म्हटले, तर अशी ९०,००० लिंबे लागतील. नववी-दहावीच्या वर्गाला हे गणित फळ्यावर स्वतः सोडवू द्यावे.

तुलनेत दोन धातूंमधील अंतर, खोचण्याची खोली आणि तारेची जाडी ही सर्व फळांसाठी तंतोतंत सारखी ठेवावी. त्यासाठी पुठ्ठ्याच्या तुकड्याला दोन सेंटिमीटर अंतरावर दोन भोके पाडून खिळा आणि तार त्यांतून घालावी, आणि किती आत जायचे ती खूण दोन्हींवर शाईने करावी. वाचन खोचल्यावर ठरावीक वेळाने, उदाहरणार्थ एका मिनिटाने घ्यावे, कारण सुरुवातीचा आकडा हळूहळू उतरत असतो. एका फळातून दुसऱ्यात नेताना दोन्ही धातू धुऊन पुसावेत.

याच पद्धतीने कच्चा आणि उकडलेला बटाटा यांची तुलना करून पाहावी. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये असे दाखवले, की आठ मिनिटे उकडलेल्या बटाट्याच्या तुकड्यापासून कच्च्याच्या तुलनेत दहापटीपर्यंत अधिक शक्ती मिळू शकते. उकडल्यामुळे पेशींची पटले फुटतात, आयनांचा मार्ग मोकळा होतो आणि अंतर्गत रोध उतरतो. विभवांतर मात्र फारसे बदलत नाही. बटाटा पूर्ण निवल्यावरच वापरावा आणि इतका शिजवू नये की खिळा त्यात उभा राहणार नाही.

आवराआवर

प्रयोगात वापरलेले कोणतेही फळ, आगळ किंवा बटाटा खाऊ नये. त्यात जस्ताचे आणि तांब्याचे क्षार उतरलेले असतात आणि त्यांमुळे मळमळ व उलट्या होऊ शकतात. कैरीच्या बाबतीत ही सूचना प्रयोगाआधी द्यावी आणि नंतर पुन्हा द्यावी, कारण तिखट-मीठ घेऊन बसलेला एखादा तरी विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. खाण्यासाठी वेगळ्या कैऱ्या आणणे हा त्यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. खिळे व तारा काढून घेतल्यावर फळे खड्ड्यात पुरावीत, गुरे-शेळ्या फिरतात तेथे टाकू नयेत. आगळ भरलेल्या करवंट्या पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ देऊ नयेत.

समुद्राकाठच्या दमट, खाऱ्या हवेत हे साहित्य पुढच्या वर्षापर्यंत टिकवणे हेच खरे तर अवघड काम आहे. खिळे आणि तारा गोड्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात, आणि बुटांच्या खोक्यात येतात त्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या त्यात टाकाव्यात. चिमट्यांचे दात प्रथम गंजतात. मीटर चालू असूनही आकडा नाचत असेल, तर लिंबावर संशय घेण्याआधी चिमटे घासून पाहावेत. तांब्यावर हिरवट थर आला तर तो पॉलिशपेपरने निघतो. खिळ्यावर तांबूस डाग दिसू लागला, की तेथील जस्त संपून लोखंड उघडे पडले असे समजावे आणि तो खिळा सुताराच्या डब्यात टाकून नवा घ्यावा.